शिरोरेषा कुठं जाड, कुठं किरकोळ

खानापूरकडच्या एका सोसायटीचं मराठी-कन्नड वेबपान करून दिलं. सेक्रेटरींचा फोन आला, "अहो, अक्षरं बारीक केलीत काय? तुमच्या दुकानात ठळक होती की!" मी कशाला हात लावतोय? दुकानात ॲपलचा मॅक, त्यांच्या ऑफिसात विंडोज, इतकंच.

मॅक अक्षराचा मूळ आकार जपतो, मग तो स्क्रीनच्या ठिपक्यांत नीट बसो न बसो. त्यामुळं अक्षर जरा भरलेलं दिसतं. विंडोज अक्षराला ठिपक्यांच्या चौकटीत ओढून बसवतो. रेघ कडक येते, पण किरकोळ. देवनागरीत हे शिरोरेषेवर लगेच उघडं पडतं. २००१ च्या विंडोज एक्सपीतलं क्लिअरटाइप हे अक्षरं दाखवायचं तंत्र प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा हे भाग वेगळे वापरून डाव्या-उजव्या कडा मऊ करायचं. वर-खाली तशी सोय नव्हती. इंग्रजीच्या उभ्या दांड्यांचं भलं झालं. आमची आडवी रेघ मात्र एक ठिपका नाहीतर थेट दोन, अधलंमधलं काही नाही! साइझ जरासा वाढवला की शिरोरेषा एकदम दुप्पट. विंडोज ७ सोबतच्या डायरेक्टराइट या नव्या तंत्रानं वर-खालीही मऊपणा आणला. क्रोमनं तो स्वीकारला २०१४ मध्ये.

जोडाक्षरांचं खापर मात्र ब्राउझरवर फोडू नका. क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही ती हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या एकाच प्रोग्रॅमकडून जुळवून घेतात. घोळ फॉन्टचा असतो. तुम्ही नाव दिलं नाही तर विंडोज आपला निर्मला फॉन्ट लावतो, मॅक कोहिनूर, अँड्रॉइड नोटो. काही फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणं असतातही, पण पानाच्या कोडात भाषा मराठी अशी नोंदवली तरच ती बाहेर येतात. बरेचजण ती नोंद करतच नाहीत, किंवा हिंदीचं जुनं पान कॉपी करतात.

कन्नडचं दुखणं निराळं. त्यांची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खाली लागणारी अक्षरं, ओळीखाली लोंबतात, आणि प्रत्येक फॉन्ट वर-खाली किती जागा मागतो ते वेगळं. मराठीच्या मापानं ओळी जवळ घेतल्या की कन्नड पुढच्या ओळीवर चढते. इथं गिऱ्हाईक दोन्ही भाषा वाचणारं, लगेच बोट ठेवतं.

सेक्रेटरींच्या पानावर दोन्ही लिप्यांचे फॉन्ट सोबत जोडले, मराठी अक्षरांची जाडी एक पायरी वाढवली, कन्नडच्या ओळी सैल केल्या. आता मंजुरीसाठी पान दाखवताना आधी दुकानातल्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर उघडतो. मॅकवरचं रूप शेवटी, मागितलं तरच.