काउंटरवर न बिघडणारा कॅमेरा

सातारा-पुणे तीन खेपा झाल्या. कॅमेरा तोच, तक्रार तीच आणि सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवरचा शेराही तोच: 'फॉल्ट आढळला नाही.'

सप्टेंबरात कासला गेलो होतो. फुलांवर छान ऊन पडलेलं आणि क्लिक केलं की स्क्रीनवर एरर: लेन्सशी संपर्क नाही, काँटॅक्ट (लेन्स आणि कॅमेरा जोडणारे धातूचे ठिपके) साफ करा. केले. मऊ कापडाने पुसून पुसून चकचकीत केले. (खोडरबराने घासा म्हणणारे बरेच भेटतात, पण चुरा आत गेला तर नवं दुखणं.)

सर्व्हिस सेंटरला टोकन घेऊन तासभर बसायचं. नंबर लागला की काउंटरवरची मुलगी ऑटोवर समोरच्या भिंतीचे चार फोटो काढणार आणि म्हणणार, "सर, चालतोय की!" दुसऱ्या खेपेला आठ दिवस ठेवून घेतला आणि सेन्सर साफ करून दिला. सेन्सरबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता! तिसऱ्या खेपेला "लेन्स नीट बसवत नसाल" हेही ऐकून घेतलं. वॉरंटीचे दोनच महिने उरले होते.

घरी येऊन रागारागात एकेक सेटिंग बदलत बसलो, तेव्हा छडा लागला. एफ ३.५ ला, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं, पात्यांनी लहान-मोठं होणारं भोक) पूर्ण उघडं असताना, फोटो बिनबोभाट. एफ ८ केलं, म्हणजे ते लहान केलं, की एरर. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला लेन्समधल्या पात्यांना हलावंच लागत नाही. उन्हात कॅमेरा ती मिटायला जातो आणि तिथेच अडतो. पात्यांकडे जाणारी कागदासारखी पातळ केबल झूम करताना सारखी दुमडते आणि शेवटी तुटते. दुकानातल्या मंद उजेडात ऑटोवर अ‍ॅपर्चर उघडंच राहणार, फॉल्ट दिसणार कसा?

चौथ्या खेपेला कॅमेरा लगेच हातात दिलाच नाही. आधी एररचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला (हा पहिल्याच दिवशी काढायला हवा होता), मग स्वतः एफ ८ लावून म्हटलं, "आता दाबा."

पहिल्याच फोटोला एरर! आपला कॅमेरा बिघडलाय याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल. आतून इंजिनिअर आले, दोनदा करून पाहिलं आणि काही न बोलता लेन्स घेऊन गेले.

अ‍ॅपर्चर युनिट वॉरंटीत बदलून मिळालं. जमा करताना मेमरी कार्ड आणि पट्टा काढून घ्या, लेन्सचा सीरियल नंबर जॉबशीटवर लिहून घ्या. मी तेवढं केलं. लेन्सचं झाकण लिहायचं राहिलं, ते काही परत आलं नाही.