प्लास्टरची कळशीवाली : तिसरा आठवडा

आज भिंगाखाली निळा ठिपका सापडला. मूर्तीच्या डाव्या कानामागे, अंबाड्याच्या वळणात, मोहरीएवढा. मग हावरटासारखा शोधत बसलो, तर काखेत एक आणि निऱ्यांच्या खोल घडीत एक मिळाला.

पुण्याच्या जुन्या बाजारात ही बावीस इंची मूर्ती विक्रेत्याने ‘संगमरवर’ म्हणून दाखवली होती. पण बैठकीच्या तळाला नखाने ओरखडा उठला आणि हाताला दगडाचा गारवा लागला नाही. प्लास्टरच. प्रश्न एवढाच होता, की ही साच्यातून निघालेल्या अनेक नगांपैकी एक आहे की कुणाच्या हातची पहिली?

उत्तर त्या निळ्यात आहे. मातीत घडवलेल्या मूळ मूर्तीवरून फोडायचा साचा घेताना पहिला पातळ थर रंगीत ठेवतात. आत प्लास्टर ओतलं, की साचा पटाशीने फोडत यायचं. रंग दिसला की हात हलका करायचा, कारण त्याच्या खाली मूर्ती. असा साचा एकदाच वापरता येतो. पुन्हा पुन्हा वापरायच्या, तुकड्यांच्या साच्यातून निघालेल्या नगावर शिवणींचं जाळं उरतं. ते इथे नाही, उलट मांडीवर पटाशी निसटल्याच्या दोन भरलेल्या खुणा आहेत. सही नसल्यामुळे बाजारात फार मोल येणार नाही, पण माझ्या लेखी ती मूळ कामाच्या अगदी जवळची आहे. ‘नुसतं पीओपी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, की शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांची गाजलेली मूर्ती ‘मंदिरपथगामिनी’ही प्लास्टरचीच.

काळजी मनगटाची. कळशी धरलेल्या हातावर तपकिरी ओघळ आहे आणि त्याच्या बाजूने केसाएवढी चीर. आतली लोखंडी सळई गंजतेय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून प्लास्टर आतून फाटतं. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढलाय, दर महिन्याला त्याच कोनातून काढणार.

पाणी अजिबात लावलेलं नाही. लिटरभर पाण्यात साधारण दोन ग्रॅम प्लास्टर विरघळतं, शिवाय ओल्या फडक्याने मळ छिद्रांत उतरतो तो कायमचा. मऊ ब्रशने धूळ उडवायची आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला मलमल बांधून ती ओढून घ्यायची, एवढंच. चेहऱ्यावरचा पिवळसर थर लाखेचा वाटतो, म्हणून लाख विरघळवणारं स्पिरिट दूर ठेवलंय. बैठकीच्या मागे भुगा सुटत होता. तिथे लाख नाही याची खात्री करून अ‍ॅसिटोनमधलं पाच टक्के पॅरालॉइड बी-७२ (सुटं प्लास्टर धरून ठेवणारी अ‍ॅक्रिलिक राळ) बारीक कुंचल्याने दोनदा पाजलं. आता बोटाला पांढरं लागत नाही.

पावसाळ्याआधी तिला बाहेरच्या भिंतीपासून हलवून आतल्या खोलीत, लाकडी पाटावर ठेवणार आहे. उजवी करंगळी तुटलेली आहे. ती नवी करून लावणार नाही आणि निळे ठिपकेही पुसणार नाही.