गुडघा दुखतोय म्हणून बसून राहू नका

आमच्या दांडिया बाजारात कुठल्याही घरी जा, पन्नाशी उलटलेलं कुणी ना कुणी गुडघा धरून बसलेलं असतंच आणि सल्लाही ठरलेला, "आता आराम करा, फार हिंडू नका". ज्या गावात प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम आणि हाडं-सांध्यांचे उपचार एकाच जागी चालायचे त्या आपल्या बडोद्यात लोक असं बोलतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

सांधा सुजलाय, लाल झालाय, हात लावला तर गरम लागतोय, ताप आहे, तर सरळ डॉक्टरकडे जा, त्यात थांबू नका. पण झिजेचं जे रोजचं दुखणं असतं ना, सकाळी उठल्यावर पाय आखडलेला आणि थोडं चाललं की मोकळा, त्याला हालचालच लागते. सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरात, रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून आणि तो द्रव तिच्यात खेळता राहायला सांधा हलावा लागतो, त्याच्यावर थोडा भार यावा लागतो. शिवाय बसून बसून मांडीचे स्नायू ढिले पडले की चालताना जो दणका त्यांनी झेलायचा तो थेट गुडघ्यावर. वजन वाढतं ते वेगळंच. एक किलो उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने कमी होतो, हे माझ्या आईला इतकं पटलं की संध्याकाळचा फरसाणचा डबा तिने स्वतःच वरच्या फळीवर टाकला.

सगळ्यात चांगलं म्हणजे पाणी. लालबागचा किंवा सरदार बागचा स्विमिंग पूल बघा, पोहता आलंच पाहिजे असं अजिबात नाही, कडेच्या दांडीला धरून नुसतं चालायचं, पुढे, मागे, आडवं. कमरेइतक्या पाण्यात शरीराचं वजन जवळजवळ निम्मं होतं आणि छातीपर्यंत गेलात तर एक तृतीयांशच उरतं, म्हणजे रस्त्यावर जो गुडघा चार पावलांत कुरकुरतो तो तिथे आरामात चालतो. पोहणाऱ्यांनी मात्र बेडकासारखे पाय मारू नका, त्यात गुडघ्याला पीळ बसतो. आपल्या बायकांना पोहायच्या कपड्यांचा संकोच वाटतो, मला माहितीये, पण अंगभर झाकणारे कॉस्च्यूम मिळतात हो, आणि दोघी-तिघी मैत्रिणी मिळून गेलात की तो संकोचही राहत नाही.

पूल जमत नसेल तर कमाटीबागेत सपाटीवर चाला. घरी खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करायचा, मांडी घट्ट आवळून पाच-सहा सेकंद धरायचा, सोडायचा, टीव्ही बघता बघता होतं. झोपाळा असेल तर पाय जमिनीला लावून हलके झोके घ्या, वजन न पडता गुडघा वाकतो आणि सुटतो, पण तेवढ्याने ताकद येत नाही, मांडीचा व्यायाम हवाच.

किती करायचं? साधा हिशोब आहे, व्यायामानंतर दोन तासांनी आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी कमी करा, बंद नाही करायचं, कमी करायचं. जिने चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घेत असाल तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

आणि नवरात्रीचं विचारणाऱ्या सगळ्या काकू-मावश्यांसाठी, गरबा सोडू नका. उड्या, गिरक्या आणि खाली बसून उठणं तेवढं वगळा, बाहेरच्या गोलात संथ बे ताली, म्हणजे दोन टाळ्यांचा गरबा, करा, दमलात की खुर्चीत बसा, आणि त्याची तयारी म्हणून मांडीचे व्यायाम निदान दोन-तीन महिने आधी, म्हणजे पावसाळ्यातच सुरू करा.