चार मिलिमीटर

"मान का ताणूलालीस गं, बाळ?"

मी लेकीच्या रायफलच्या ट्रिगरबद्दल बोलत होतो आणि सुभेदारकाका तिच्या मानेकडे बघत होते. नेमबाजीत पिस्तुलाचा ट्रिगर दाबायला निदान ५०० ग्रॅमचा जोर लागलाच पाहिजे असा नियम आहे, १० मीटर एअर रायफलला तसं बंधन नाही. म्हणून महिनाभर माझं एकच टुमणं, ट्रिगर अजून हलका करा.

काकांनी तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली. गाल टेकव. आता उघड. "काय दिसतंय?"

"नेम धरायच्या रिंगची नुसती कड."

रायफल उसनी, मोठ्या माणसाच्या मापाची. काकांनी बट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, दोन बोटं आखूड केला, गालपट्टी चार मिलिमीटर वर घेतली. ट्रिगरला हातही लावला नाही. पुढचे पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्यात बसले. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथं मान ताणून कसं जमणार?

खानापूरला परतताना बसमध्ये ती म्हणाली, "पप्पा, मला वाटायचं माझाच हात कापतो."

तेव्हापासून जिवाला चैन नाही. महिनाभर मी तिला 'हात स्थिर ठेव' म्हणून ओरडत होतो. आपल्याकडे बहुतेक पोरं क्लबच्या सामायिक रायफलीवरच शिकतात. तुमच्या पोराची रायफल कुणाच्या मापाची आहे, बघितलंय कधी?