आलिये नदीला धरून: पॅरिस ते नीम, दिवसभर रेल्वेने

पॅरिसहून नीमला तेजेवेने, म्हणजे फ्रान्सच्या अतिवेगवान TGV गाडीने, तीन तासांत पोचता येतं. दादा तेच तिकीट काढणार होता. त्याला पाँ द्यु गारचा रोमन जलसेतू बघायचा होता आणि वाटेत वेळ घालवणं त्याच्या स्वभावात नाही. मला मात्र क्लेरमाँ-फेराँवरून सेवेनच्या डोंगरांतून जाणारी जुनी लाइन बघायची होती. दिवस अख्खा मोडतो, पण नकाशा उघडलात तर कळेल मी का हटून बसले ते. नवेर शहराजवळ आलिये नावाची नदी लुआरला मिळते. तिथून गाडीचा मार्ग थोडाफार इकडेतिकडे होत, पण या नदीला धरूनच वर चढत जातो, थेट तिच्या उगमाच्या आसपास. सव्वाचारशे किलोमीटरची नदी एका दिवसात उलटी बघायची! "ताणू नकोस, येतो," दादा म्हणाला.

तिकिटं दोन वेगळी लागतात. पॅरिस ते क्लेरमाँ आंतेरसिते, म्हणजे लांब पल्ल्याची गाडी असते, तिला आरक्षण सक्तीचं आणि जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. पुढची टीईआर, म्हणजे प्रादेशिक गाडी. तिला सीट नंबर नाही, मिळेल तिथे बसायचं. आपल्याकडची पॅसेंजर म्हणा. क्लेरमाँला गाडी बदलायला दहा-पंधरा मिनिटांचा हिशेब मुळीच धरू नका. डोंगरातून जाणाऱ्या गाड्या दिवसाला बोटांवर मोजण्याइतक्या. एक हुकली की संध्याकाळ गेली. आम्ही दोन्ही गाड्यांमध्ये भरपूर वेळ ठेवला आणि तो सत्कारणी लागला.

गाडी सुटते बेर्सी स्टेशनातून, गार द लियोंमधून नाही. दोन्ही स्टेशनं चालत जाण्याच्या अंतरावर असली, तरी सकाळी सातला सामान घेऊन ते चालणं नको. फलाटाचा नंबर सुटायच्या साधारण वीस मिनिटं आधी लागतो, तोवर सगळा जमाव बोर्डाकडे माना वर करून उभा. नंबर लागला की एकदम पळापळ. दादर आठवलं.

पहिले तीन-साडेतीन तास सपाटीचे. नवेरच्या अलीकडे-पलीकडे कुरणात पांढऱ्याशुभ्र शारोले गाई, मग मूलाँ, मग विशी. विशी आलं तसा दादा लॅपटॉपमधून वर बघून म्हणाला, "हेच ना ते, युद्धाच्या वेळी सरकार होतं?" हेच. 1940 ते 1944 फ्रान्सचं सरकार इथल्या हॉटेलांमधून चालत होतं, कारण गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी येणाऱ्या पाहुण्यांमुळे गावात खोल्या मुबलक होत्या. बाहेरून बघाल तर साधं नीटनेटकं स्टेशन.

क्लेरमाँला उतरून आम्ही कॅथेड्रलपर्यंत चालत गेलो. अख्खी इमारत काळ्या ज्वालामुखी दगडाची. मी नाशिककर, काळा दगड मला नवा नाही. पण इतका उंच, टोकदार आणि कोरलेला बघून थांबले. मागे प्वी द दोम दिसत होता, 1465 मीटर. 1648 मध्ये शास्त्रज्ञ पास्कालच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी घेऊन तो डोंगर चढला आणि वर हवेचा दाब कमी भरतो हे दाखवलं. शाळेत 'पास्कल' हे एकक पाठ केलं होतं, माणूस याच गावचा हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. बाजारातून सें-नेक्तेर चीज आणि पाव घेतला. टीईआरमध्ये खायला काही मिळत नाही, हे लक्षात ठेवा. माझ्याकडे तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, त्या दादाने क्लेरमाँ सुटायच्या आतच निम्म्या संपवल्या.

खरी मजा लांजाकपासून. रस्ता बाजूला पडतो आणि दरीत उरतात फक्त नदी आणि रूळ. "नदी कुठल्या बाजूला?" असं लोक विचारतात, त्याला उत्तर नाही, ती सारखी बाजू बदलते. गाडीत गर्दी नव्हती, म्हणून आम्ही दोघं लहान पोरांसारखे या खिडकीतून त्या खिडकीत. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे दिसत होते. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. या लाइनवर शंभरएक बोगदे आहेत. "जेवलात का?" बोगदा. "पुऱ्या..." बोगदा. "दादाला दे, तो ऐकत नाही माझं," आणि परत बोगदा. शेवटी तिने मेसेज टाकला: 'खंडाळ्यात आहात का?' फार चुकीचं नव्हतं. भोर घाटातून गाडी सुरू झाली 1863 मध्ये, ही लाइन पूर्ण झाली 1870 मध्ये. एकाच काळातली कामं.

लांगोन्यच्या पुढे नदीचा ओढा होतो. ला बास्तीदला गाडी हजारएक मीटर उंचीवर असते. इथपर्यंतचं पाणी अटलांटिकला जातं, इथून पुढचं भूमध्य समुद्राला. स्टेशन लहानसं, पाट्या चार. दादाने लॅपटॉप कधी बंद केला ते मला कळलंच नाही. तो दारापाशी उभा राहून डोंगराची रेघ बघत होता.

उतार लागतो तशी हवा बदलते. विलफोरला धरणाच्या पाण्यात पाय रोवून उभा असलेला पूल ओलांडला, मग चेस्टनटची झाडं सुरू झाली, हिरव्या काटेरी बोंडांनी लगडलेली. गहू पिकत नसे तिथे गरिबांनी याच फळांचं पीठ खाल्लं. खाली ला ग्रां-कोम्बचा कोळशाचा पट्टा. खाणी बंद, घरं तेवढी रांगेने उभी. आणि मग आलेस हे शहर. रेशीमकिड्यांना रोग पडला म्हणून 1865 मध्ये पाश्चर इथे आला, तुतीच्या पानांत आणि अळ्यांत काही वर्षं डोकं घातलं, आणि निरोगी अंडी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी काढायची पद्धत बसवून दिली. आलेसनंतर द्राक्षमळे, ऑलिव्ह, सपाटी. इथे डोळा लागला तरी चालेल.

वेळ थोडा असेल त्यांनी लांजाक ते जेनोलाक एवढाच तुकडा उजेडात पडेल असं वेळापत्रक बघावं. ऑक्टोबरनंतर तर हे आधी तपासाच. नीमला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती आणि दगड अजून तापलेले. स्टेशनासमोरच्या सरळ रस्त्याने रोमन रंगमंडल दहा मिनिटांवर. परतीचं तिकीट दादाने तेजेवेचंच काढलं होतं, आणि सोमवारी त्याचं ऑफिस असल्यामुळे त्यावर वाद घातला नाही.