राउंडमधली माझी जागा

माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली तेव्हा तिचे वजन १३८० ग्रॅम होते. पहिले आठ दिवस तिची खबर मला मिळे ती यजमानांकडून. सकाळी एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराशी त्यांना ‘स्टेबल आहे’ एवढेच सांगितले जाई, आणि ते वर वॉर्डात येऊन मला ‘सगळे ठीक आहे’ म्हणत. त्या दोन वाक्यांच्या मध्ये काय गाळले गेले, हे मला आजही ठाऊक नाही.

नवव्या दिवशी नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनी सांगितले, की राउंडच्या वेळी, म्हणजे डॉक्टर एकेका बाळाला तपासत फिरतात तेव्हा, आईने बाळाजवळच थांबावे. पूर्वी सरकारी रुग्णालयात काम केलेल्या एका सिस्टरना याचे नवल वाटले नाही. केंद्र सरकारने २०१७ साली शासकीय नवजात कक्षांसाठी कुटुंबाच्या सहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, तिकडे आया हात धुऊन, गाऊन घालून आत बसतात, असे त्या म्हणाल्या. शेजारच्या बाळाची पाळी आली की मात्र मला बाहेर जावे लागे, आणि ते योग्यच होते.

राउंडच्या पहिल्या दिवशी ‘अ‍ॅप्निया’, ‘मेंदूची सोनोग्राफी’ हे शब्द ऐकून माझे पाय लटपटले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास मधूनच थांबतो, त्यासाठीच कॅफीन हे औषध चालू आहे आणि सोनोग्राफी इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांची करतातच, हे निवासी डॉक्टरांनी नंतर परत येऊन समजावले.

तिसऱ्या दिवशी नळीतून दर दोन तासांनी दिले जाणारे १२ मिली दूध वाढवावे की नाही, यावर चर्चा चालली होती, कारण दुधानंतर तिचे ऑक्सिजनचे प्रमाण घसरत होते. माझ्या वहीतल्या नोंदी वेगळे सांगत होत्या. तिच्या तळपायाला ऑक्सिजन मोजणारा तांबडा दिवा बांधलेला असे. त्याचा आकडा खाली जाई तो दूध पोटात गेल्यावर नव्हे, तर लगेच लंगोट बदलण्यासाठी पाय वर उचलले की. मी चाचरत तसे सांगितले. डॉक्टरांनी वही मागून घेतली, वेळा तक्त्याशी ताडून पाहिल्या आणि लंगोट दुधाआधी बदलायला सांगितले. घसरण पूर्ण थांबली नाही, पण कमी झाली. दोन दिवसांनी दूध १४ मिली झाले.

तिच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, हेही मी राउंडमध्येच ऐकले होते. सव्विसाव्या दिवशी आम्हाला घरी सोडले, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर त्या तपासणीची तारीख घालायची राहून गेली होती. ती लिहून घेतली आणि मगच यजमानांना रिक्षा बोलवायला सांगितले.