किंग डेच्या सोमवारी सेवेसाठी नंबर लावताना – माझा अनुभव

जानेवारीचा तिसरा सोमवार म्हणजे काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी, किंग डे, इथे अमेरिकेत सगळ्यांना माहिती असतं, पण आमच्यासारख्या बऱ्याच घरांत त्याचा अर्थ लाँग वीकेंड, स्कीइंग नाहीतर कॉस्को या मोठ्या दुकानाची फेरी एवढाच होता. यंदा मुलीला शाळेचे सर्व्हिस अवर्स, म्हणजे समाजसेवेचे तास, भरायचे होते (खरं कारण हेच, उगाच उदात्त काही सांगत नाही) म्हणून ठरवलं की या वेळी सगळ्यांनी मिळून कुठेतरी सेवेला जायचं. आम्ही फिलाडेल्फियाच्या बाहेर राहतो, हा सेवेचा दिवस म्हणूनही पाळतात, आणि या दिवशी इथे जेवढं काम निघतं तेवढं फार थोड्या शहरांत निघत असेल, त्यामुळे मला वाटलं होतं की जाऊ आणि लागू कामाला. पण तसं नसतं हो.

पहिली अडचण घरातच. नवऱ्याच्या कंपनीत सुट्टीच नाही. फेडरल हॉलिडे असला तरी सरकारी ऑफिसं, पोस्ट, बँका, शेअर बाजार बंद, खाजगी कंपनीवर सक्ती काही नसते, देतील तर देतील. एचआरने सांगितलं फ्लोटिंग हॉलिडे (आपण निवडायची सुट्टी) घ्या, मग मॅनेजरची परवानगी, मग त्या दिवशीची एक मीटिंग पुढे ढकला, असं सगळं. मैत्रीण एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे, तिला वेगळीच धास्ती, की व्हॉलंटियर केलं तर व्हिसाला बाधा येईल का. तिने वकिलाला विचारलं. तो म्हणाला की धर्मादाय संस्थेत, जिथे ते काम एरवीही लोक बिनपगारीच करतात, तिथे चालतं, फक्त पगाराच्या माणसाच्या जागी फुकट राबायचं नाही. अजून कोणाला हा प्रश्न असेल तर आपल्या वकिलाला विचाराच, माझ्या भरवशावर राहू नका.

मग स्लॉट. घराजवळच्या एका फूड पँट्रीला (गरजूंना फुकट किराणा देणारी जागा) फोन केला तर बाई हसल्याच. म्हणाल्या, या सोमवारसाठी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून लोक विचारतायत, फुल आहे, तुम्ही फेब्रुवारीतल्या मंगळवारी संध्याकाळी याल का, तेव्हा मला माणसं मिळत नाहीत. मी म्हटलं बघते आणि कळवते. म्हणजे आपल्याकडे बघते म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं, त्यांनाही कळलं असावं.

शेवटी गिरार्ड कॉलेजमधे नंबर लागला. नाव कॉलेज असलं तरी ही शाळा आहे, बोर्डिंग स्कूल, नॉर्थ फिलाडेल्फियात, आणि किंग डेच्या शहरातल्या सेवेचं मुख्य ठिकाण गेली अनेक वर्षं हेच आहे. फॉर्मचा छळ मात्र होताच. प्रत्येक मोठ्या माणसाचा वेगळा वेव्हर (काही इजा झाली तर संस्था जबाबदार नाही असा फॉर्म), पोरांचा वेगळा, त्यावर आईबापाची सही, फोटो काढायची परवानगी, मोबाईलवर सही करायला गेलं की पान परत पहिल्यापासून. आमच्या मराठी ग्रुपमधे आधी "आम्ही पण, आम्ही पण" म्हणणारे बरेच होते, वेव्हरची लिंक टाकल्यावर निम्मे शांत झाले.

ब्रॉड स्ट्रीट लाईनच्या मेट्रोने गिरार्ड स्टेशनला उतरून पश्चिमेला चालत गेलो, थंडी मरणाची. आणि समोर ती भिंत. दगडी, दहा फूट उंच, चालतोय चालतोय तरी संपत नाही. स्टीफन गिरार्ड नावाचा धनाढ्य बँकर १८३१ मधे वारला, मृत्युपत्रात लिहून गेला की माझ्या पैशातून गरीब, अनाथ, गोऱ्या मुलांसाठी शाळा काढा. गोऱ्या हा शब्द त्यात स्पष्ट आहे. पुढे आसपासची वस्ती काळ्या लोकांची झाली तरी त्यांच्या पोरांना आत प्रवेश नाही. १९६५ मधे सेसिल मूर या वकिलाच्या पुढाकाराने लोक या भिंतीबाहेर धरणं धरून बसले, सात महिन्यांच्या वर, रोज. त्याच ऑगस्टमधे स्वतः किंग इथे येऊन भिंतीबाहेर बोलून गेले. १९६८ मधे कोर्टाची लढाई संपली आणि पहिली चार काळी मुलं आत गेली, पण तोवर एप्रिलमधे मेम्फिसला किंग यांचा खून झालेला होता. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले होते ते तिथे.

हे मला आधी माहिती नव्हतं. आमच्या टेबलावरचे एक आजोबा सांगत होते, ते शाळकरी वयात मोठ्या भावाबरोबर संध्याकाळी त्या धरण्यात यायचे. मुलगी कॅन हातात धरून ऐकत राहिली, मागची लाईन तुंबली तरी.

काम म्हणाल तर अगदी साधं. पँट्र्यांसाठी खोकी भरायची. लांब टेबलं, एका बाजूने रिकामं खोकं सरकवायचं, प्रत्येकाने आपल्या वाटणीची वस्तू टाकायची, पंगतीतल्या वाढप्यांसारखं, फक्त इथे पंगत सरकते आणि वाढपी जागेवर. राजमा, मक्याचे दाणे, पीनट बटर, तांदळाची पिशवी. माझ्याकडे कॅन तपासायचं काम. तारीख बघायची, आणि पोचा आलेला असेल तर कुठे आलाय ते बघायचं, मधे साधा खळगा असेल तर चालतो, पण कडेच्या जोडावर दबला असेल किंवा झाकण फुगलं असेल तर सरळ बाद. लोक काय काय दान करतात ते बघून मात्र डोकं फिरतं. तारीख उलटून वर्षं झालेले सूपचे डबे! घरातला कचरा आणि पुण्य एकाच फेरीत.

परत येताना मुलीने विचारलं की किंग यांचा वाढदिवस १५ जानेवारी मग सुट्टी सोमवारीच का. कायद्यातच तसं आहे म्हटलं. आणि तो कायदाही सहज झाला नाही. खुनानंतर चारच दिवसांनी काँग्रेसचे सदस्य जॉन कॉनयर्स यांनी सुट्टीचं बिल मांडलं, १९७९ मधे ते पाच मतांनी पडलं, पगारी सुट्टीचा खर्च किती आणि कुठलंही सरकारी पद न भूषवलेल्या माणसाला सुट्टी कशी, असे आक्षेप. मग साठ लाख सह्या, गायक स्टीव्ही वंडरची मोहीम, १९८३ मधे रेगन यांची सही, १९८६ ला पहिली सुट्टी. ॲरिझोनाच्या मतदारांनी १९९० मधे नाही म्हटलं तर तिथला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, काढून कॅलिफोर्नियाला नेला, मग १९९२ ला हो म्हणाले! आणि सेवेचा दिवस हे तर १९९४ चं, ते बिल आणणाऱ्यांपैकी एक हॅरिस वॉफर्ड, आमच्याच पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर.

रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं तर त्यांना वेगळंच आठवलं. किंग १९५९ मधे भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनला उतरले होते, गांधीजींच्या खोलीत. शिवाय चौदा एप्रिलला आपल्याकडे पोरं सलग अठरा तास अभ्यास करून बाबासाहेबांची जयंती करतात ते तुझ्या पोरीला सांग म्हणाले. सांगितलं. अठरा तास फोनशिवाय का, असा प्रश्न आला.

सर्व्हिस अवर्सच्या कागदावर सही मिळाली. आणि त्या पँट्रीवाल्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी खरंच फोन केला, कारण सोमवारी आम्ही टेबलाभोवती इतकी माणसं होतो की शेवटी शेवटी खोक्यांपेक्षा हात जास्त, आणि तिकडे मंगळवारी त्या एकट्या. ग्रुपवर मेसेज टाकला तर बहुतेकांनी अंगठा दाखवला, इमोजीचा आणि दुसराही. तिघं येतोय. फेब्रुवारीतले सगळे मंगळवार, संध्याकाळी साडेपाच ते आठ, गाडीत मागे दोन सीट रिकाम्या आहेत. पोरांना आणणार असाल तर कन्सेंट फॉर्म छापून सही करूनच आणा, तिथला प्रिंटर बंद आहे.